शाळेच्या फाटकाबाहेरचे प्रश्न: गोव्यातील पालकगटांनी पाठपुरावा कसा करावा

मुलाला शाळेत काय शिकवले जाते, याकडे पालकांचे लक्ष असते. ते शाळेत सुखरूप पोहोचते की नाही, हे मात्र पुष्कळदा शिक्षण खात्याच्या हाती नसलेल्या गोष्टींवर ठरते. फाटकासमोरून भरधाव जाणारे टिप्पर, जून महिन्यात तुंबून वर्गाच्या पायरीपर्यंत पाणी आणणारे गटार, कुंपणावर झुकलेले जुने झाड, रस्त्यापलीकडे नव्याने उघडलेला बार, शाळा सुटण्याच्या वेळेशी न जुळणारी कदंब महामंडळाची सरकारी बस, असे हे प्रश्न असतात. प्रत्येकाचा निर्णय वेगळ्या कार्यालयात होतो आणि बहुतेक पालकगट नेमके तेथेच अडखळतात. मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते, मुख्याध्यापक ती भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात, तेथून ती पर्वरीला शिक्षण संचालनालयात पोहोचते आणि ज्या खात्याला गटार उपसायचे आहे, त्याला वर्षभर पत्ताच लागत नाही. म्हणून प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो हे शोधून त्याच कार्यालयाकडे एक नेमकी, मोजता येईल अशी मागणी करणे आणि निकाल लागेपर्यंत ती न सोडणे, हीच या कामाची मुख्य रीत समजावी.

गट कोणत्या नावाने उभा करावा

नवी संस्था काढण्याची घाई करू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती केवळ सल्लागार असते. तरीही तिने केलेल्या ठरावाला शाळेच्या दप्तरात स्थान मिळते आणि सरकारी टेबलावर सह्यांच्या सुट्या कागदापेक्षा त्याचे वजन अधिक असते. याखेरीज बहुतेक शाळांत पालक-शिक्षक संघ असतोच. प्रश्न फाटकाबाहेरचा असला, तरी ठराव या दोहोंपैकी एका मंचावर करून घ्यावा, इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदकाची नावे नोंदवावीत आणि त्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी.

ठराव झाल्यावर धावपळ करण्यासाठी चार-पाच जणांचा छोटा गट पुरे होतो. त्यात दुपारी कार्यालयात जाऊ शकणारा एक, मसुदा लिहिणारा एक आणि कागदपत्रे सांभाळणारा एक तरी असावा. शिक्षकांना या गटाच्या तोंडावर उभे करू नये. सरकारी शिक्षकांना सेवाशर्तींचे बंधन असते, अनुदानित शाळेतील शिक्षकाला व्यवस्थापनाचा कल पाहावा लागतो. त्यांना जे उघड बोलता येत नाही ते पालक निर्धास्तपणे बोलू शकतात. पालकगटाचे खरे बळ मला यातच दिसते.

आणखी एक बाब गोव्यात सहसा दुर्लक्षित राहते. कित्येक सरकारी प्राथमिक शाळांत आज परप्रांतातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. हे पालक व्यवस्थापन समितीत पूर्ण हक्काने बसू शकतात, पण त्यांची नावे गावच्या मतदारयादीत नसली तर ग्रामसभेचे ते सदस्य ठरत नाहीत आणि तेथे त्यांना मत नसते. अशा शाळेच्या गटाने गावातील माजी विद्यार्थी, शाळेशेजारची घरे, देवस्थान समितीतील किंवा स्वयंसहाय्य गटातील मंडळी यांना आरंभापासून सोबत घ्यावे. एरवी ग्रामसभेत शाळेचा प्रश्न मांडायलाच कोणी उठत नाही.

निर्णय कोणाच्या हाती आहे ते शोधणे

समोरचा रस्ता पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा (साबांखाचा), हा पहिला प्रश्न. वाड्यातून जाणारा अंतर्गत रस्ता बहुधा पंचायतीच्या ताब्यात असतो, मोठे मार्ग साबांखाकडे असतात आणि राष्ट्रीय महामार्गासाठी साबांखाचा स्वतंत्र विभाग आहे. पथदीप, वाकलेला खांब किंवा लोंबकळणारी तार ही वीज खात्याची बाब. मोठ्या इमारतदुरुस्तीसाठी शिक्षण खाते मागणी पुढे पाठवते आणि काम बांधकाम खाते किंवा साधनसुविधा विकास महामंडळ करते. नगरपालिका क्षेत्रात पंचायतीच्या जागी पालिका आणि तुमच्या प्रभागाचा नगरसेवक येतो. पुढील पद्धतीत त्याने फारसा फरक पडत नाही.

जमिनीचा प्रश्न असेल, म्हणजे मैदानावर अतिक्रमण झाले असेल किंवा कुंपण कोठे घालायचे यावर वाद असेल, तर बैठक बोलावण्यापूर्वी एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी दाखला) आणि सर्व्हे नकाशा काढावा. शाळा ज्या जागेत पिढ्यान्पिढ्या भरते ती जागा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था), देवस्थानची किंवा एखाद्या भाटकाराची (जमीनदाराची) निघणे गोव्यात नवलाचे नाही. ती तशी निघाली तर भाषणे थांबवून आधी मालकाची लेखी संमती मिळवावी लागते. उतारा न पाहता केलेली मागणी पहिल्याच सुनावणीत कोसळते.

गतिरोधकाचे उदाहरण

पालकांची सर्वांत नेहमीची मागणी गतिरोधकाची असते आणि सर्वांत अधिक घोळही तिच्यातच होतो. सरपंचांना सांगितले की ते ठेकेदाराला सांगून डांबराचा उंचवटा घालतील, असे अनेकांना वाटते. तसे घातलेले उंचवटे पुढे उखडावे लागतात, कारण त्यांना अधिसूचनेचा आधार नसतो. गोव्यात गतिरोधक, वेगमर्यादेचे फलक, पार्किंगबंदी यांसाठी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच, मोटार वाहन कायद्यातील कलम ११२, ११५ आणि ११६ खालील अधिकार वापरून अधिसूचना काढतात, ती राजपत्रात प्रसिद्ध होते आणि त्यानंतर संबंधित खाते काम करते. त्याआधी वाहतूक पोलीस, बांधकाम खाते आणि पंचायत यांचे अभिप्राय मागवले जातात. म्हणून मूळ निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना लिहून उरलेल्या तिघांना प्रती द्याव्यात आणि पंचायतीचा ना हरकत ठराव आपणच मिळवून सोबत जोडावा. त्यामुळे फाईल एका टेबलावर तरी कमी थांबते.

मागणी लिहिताना मापही लिहावे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने तो सहज ओलांडता यावा, असे ते माप आहे. हे ठाऊक नसल्यामुळे रस्त्यावर अरुंद, उभट कंगोरे उगवतात, त्यांवर स्कूटर घसरते आणि मग त्याच गावातील दुसरे पालक गतिरोधक काढा म्हणून निवेदन देतात. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधकाची मागणी सहसा मान्य होत नाही. तेथे पादचारी पट्टा, रम्बलर (वेग कमी करायला लावणारे बारीक आडवे उंचवटे), शाळेचा सूचनाफलक, दुभाजकातील धोकादायक फट बंद करणे आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहतूक पोलीस किंवा गृहरक्षक, यांपैकी काय हवे ते ठरवून मागावे.

जड वाहनांचा त्रास असेल तर कलम ११५ अधिक उपयोगी पडते, कारण ठरावीक मार्गावर ठरावीक वेळेत विशिष्ट वाहनांना मनाई त्या कलमाखाली करता येते. खाणपट्ट्यातील किंवा चिरेखाणीजवळच्या शाळेला सरसकट बंदी मिळणे कठीण असते. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा-अर्धा तास मनाई मागितली, तर अधिकाऱ्याला ‘होय’ म्हणणे सोपे जाते.

अशा निवेदनाचा खरा आधार म्हणजे गटाने स्वतः केलेली नोंद. शाळेच्या सलग पाच दिवशी दोन पालकांनी फाटकाजवळ उभे राहावे. शाळा भरण्यापूर्वीचा अर्धा तास आणि सुटल्यानंतरचा अर्धा तास दुचाकी, चारचाकी, बस आणि ट्रक यांच्या खुणा वेगवेगळ्या रकान्यांत माराव्यात आणि किती मुलांनी मोठ्या माणसाच्या सोबतीविना रस्ता ओलांडला तेही मोजावे. फाटकापासून वळणापर्यंतचे अंतर टेपने मोजावे, वळणावरून येणाऱ्या चालकाला फाटक किती मीटरवर दिसते ते पाहावे आणि साधे रेखाचित्र काढून त्यावर आकडे लिहावेत. छायाचित्रे वाहनांची, रस्त्याची आणि फलकाच्या अभावाची असावीत. मुलांचे चेहरे त्यांत येऊ देऊ नयेत. ही दोन पाने पाहिल्यावर पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याचा सूर बदलतो, कारण त्याला स्वतःच्या अहवालासाठी लागणारी माहिती आयती मिळालेली असते.

निवेदन

एका निवेदनात एकच प्रश्न असावा. गटार, पथदीप आणि बस एकाच कागदावर लिहिले तर तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रास्ताविक लांबवू नये. ‘आमच्या शाळेचे फाटक थेट जिल्हा मार्गावर उघडते. सोबतच्या तक्त्यात पाच दिवसांची वाहनमोजणी दिली आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना प्रमाणित मापाचा गतिरोधक आणि शाळेचा सूचनाफलक बसवण्यासाठी अधिसूचना काढावी, तसेच संयुक्त पाहणीचा दिनांक आम्हांस लेखी कळवावा,’ एवढे पुरे. शेवटच्या वाक्यातील पाहणीची विनंती गाळू नये, कारण ती मान्य करायला अधिकाऱ्याला वरून मंजुरी लागत नाही आणि एकदा तारीख ठरली की प्रकरण हलू लागते. निवेदन आवक विभागात द्यावे, आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि पुढील प्रत्येक पत्रात तो क्रमांक लिहावा. मंत्र्यांना समारंभात पुष्पगुच्छासह दिलेल्या निवेदनाचे छायाचित्र निघते. आवक क्रमांक निघत नाही.

गावात सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, सरपंच कोणाचे काका असतात आणि साबांखातील अभियंता कोणाचा वर्गमित्र. या ओळखींचा उपयोग जरूर करावा, मात्र फाईल कोठे आहे हे विचारण्यापुरता. तोंडी मिळालेले आश्वासन त्याच दिवशी ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार’ असे लिहून दोन ओळींच्या पत्राने कागदावर आणावे. यात कोणाचा अपमान होत नाही.

ग्रामसभा

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी साधारण ग्रामसभा भरते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या निमित्ताने विशेष ग्रामसभा होतात. आयत्या वेळी उठून बोलण्यापेक्षा विषय आधी लेखी देऊन पंचायत सचिवांची पोच घ्यावी. सभेतले बोलणे बहुतेक ठिकाणी कोकणीत होते आणि इतिवृत्त पुष्कळदा इंग्रजीत लिहिले जाते. या प्रवासात ‘पावसाळ्यापूर्वी शाळेसमोरील गटार उपसून त्यावर झाकणे बसवावीत’ या मागणीचे ‘गटारावर चर्चा झाली’ असे होऊन बसते. त्यासाठी ठरावाचा पूर्ण मजकूर आपणच लिहून न्यावा, सभेत वाचून दाखवावा आणि सचिवांच्या हाती द्यावा. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचले जाते तेव्हा गटातील कोणीतरी हजर असलेच पाहिजे.

वेळ निवडण्यालाही महत्त्व आहे. गटार, छप्पर आणि झाडांचे विषय जानेवारीच्या सभेत मांडावेत. एप्रिलमध्ये मांडले तर निविदा निघेपर्यंत पाऊस सुरू होतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत नवी कामे मंजूर होत नाहीत. सध्याची विधानसभा फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि बहुतेक पंचायती ऑगस्ट २०२२ मध्ये निवडल्या गेल्या असल्याने दोहोंच्याही मुदती २०२७ मध्ये संपतात, हे लक्षात घेऊन कामाचा आदेश केव्हा निघायला हवा याचा हिशेब मांडावा.

उत्तर न आल्यास

महिना-दीड महिना शांतता राहिली तर माहिती अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अधिकार नागरिकाला असल्याने अर्ज संघाच्या नावाने न करता एका पालकाने स्वतःच्या नावाने करावा. ‘काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढे उत्तर पुरते. ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावरील टिप्पण्यांच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात, तसेच फाईल प्रत्यक्ष पाहू द्यावी’ असे लिहावे. कोणत्या टेबलावर ती किती दिवस पडून होती हे त्या टिप्पण्यांतच दिसते, आणि कित्येकदा अर्ज पोहोचताच फाईल पुढे सरकते.

बार आणि टपऱ्यांच्या तक्रारींत हे साधन आरंभीच वापरणे श्रेयस्कर. अबकारी नियमांनुसार शाळा आणि धार्मिक स्थळे यांच्यापासून १०० मीटरच्या आत दारूच्या परवान्यावर निर्बंध आहे, पण शासन सूटही देऊ शकते. त्यामुळे समोरच्या बारला परवाना कोणत्या आदेशाने आणि कोणत्या मोजणीच्या आधारे मिळाला ते आधी मागवावे, नंतरच हरकत नोंदवावी. तंबाखूचे सोपे आहे: २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला मनाई आहे आणि तसा फलक लावणे संस्थेवरच बंधनकारक आहे. शाळेने स्वतः फलक लावला नसेल तर आधी तो लावून घ्यावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो आणि तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल असते.

इमारतीवर किंवा फाटकावर कोसळेल असे झाड असेल तर निवेदनांची साखळी लावत बसू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी असा धोका दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, सोबत छायाचित्र आणि झाड कोणाच्या सर्व्हे क्रमांकात आहे तो उतारा जोडावा.

शाळेच्या आतील उणिवांसाठी, म्हणजे स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, कुंपण, शिक्षकसंख्या अशा बाबींसाठी, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार करता येते. स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत सुनावणी घेऊन निर्णय द्यावा आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करावे, असा तो मार्ग आहे.

काय वेगळे ठेवावे

गोव्यात पालकांच्या संघटना नव्या नाहीत. प्राथमिक स्तरावरील इंग्रजी माध्यमाच्या शाळांना अनुदान देण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, तेव्हा त्याच्या बाजूने पालकांचा मंच उभा राहिला आणि विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच. माझी भूमिका मराठी शाळांच्या बाजूची आहे. तरीही गटार, रस्ता आणि बस यांसाठी एकत्र आलेल्या गटात माध्यमाचा वाद आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच रस्त्यावर सरकारी मराठी शाळा आणि चर्चची इंग्रजी शाळा असेल, तर दोन्हींच्या पालकांनी एकाच निवेदनावर सह्या कराव्यात. जिल्हाधिकाऱ्यांसमोर अशा निवेदनाचे वजन दुप्पट होते.

राज्यभराच्या धोरणाचा प्रश्नही वेगळा हाताळावा लागतो. २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू करण्याचा निर्णय झाला, तेव्हा उकाड्याचे कारण देत काही पालक उच्च न्यायालयात गेले. अशा प्रसंगी पंचायतीचा ठराव पुरेसा नसतो. आपल्या आमदारांमार्फत विधानसभेत प्रश्न विचारून घ्यावा, आणि त्यांना भाषणाऐवजी आपल्या शाळेची माहिती द्यावी: किती वर्गांत पंखे चालतात, नळाला किती वाजेपर्यंत पाणी असते, दुपारी बालरथ (मुलांची ने-आण करणारी शाळेची बस) किती वाजता निघतो.

रस्ता रोखण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि मुलांना गणवेशात रस्त्यावर बसवणे तर कधीच नको. २०१७ मध्ये सत्तरीतील सोनशी येथे खनिज वाहतुकीच्या धुळीला कंटाळून ट्रक अडवणाऱ्या, महिलांसह चाळीसहून अधिक ग्रामस्थांना अटक झाली होती. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पालकगटाने मात्र हे ध्यानात ठेवावे की आईवडील दोघेही अडकले तर त्या दिवशी शाळेतून मुलाला आणायला कोणी उरत नाही. वृत्तपत्रांकडे जायचे असेल तर आवक क्रमांक, मोजणीचा तक्ता आणि उलटलेली मुदत हाती असतानाच जावे.

काम झाल्यानंतर

गतिरोधक झाला, झाकणे बसली, की गट विसर्जित होतो आणि दोन पावसाळ्यांनंतर पांढरे पट्टे पुसलेले असतात, झाकणातील एक फुटलेले असते. यासाठी काम पूर्ण झाल्यावर देखभाल कोणत्या उपविभागाकडे आहे हे पत्राने विचारून ठेवावे आणि दर ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी एक फेरी मारून उणिवांची यादी द्यावी. गटातील पालकांची मुले चौथी किंवा दहावी होऊन शाळेबाहेर पडतात, म्हणून निवेदने, पोच, ठरावांच्या प्रती आणि नकाशे यांची एक जाड फाईल शाळेच्या कपाटात आणि दुसरी एका पालकाच्या घरी असावी. वार्षिक सभेत नवी समिती निवडली जाते त्याच दिवशी ती नव्या सदस्यांच्या हाती द्यावी, प्रलंबित आवक क्रमांक त्यांना वाचून दाखवावेत आणि पुढील पत्र कोणी, कोणत्या तारखेला पाठवायचे ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.